माझं अपेंडिक्स आणि अक्काची कडी

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पालथं पडायला डॉक्टरांची अजून परवानगी नाही, त्यामुळे तूर्त उभ्यानेच केला आहे, राहिलेली अंगं सवडीने टेकवीन.) पत्राची टोपली वर ओढून घेतलीस, त्याअर्थी दोरी ओढण्याइतकी ताकद अंगात आहे, हे पाहून जिवात जीव आला. इस्त्री फिरवलीस ना? नसशील तर आधी फिरव, मी थांबतो. साथ आल्यापासून तू वर्तमानपत्र, औषधाची पाकिटं, विजेचं बिल सगळं इस्त्रीखालून काढलंस (दुधाच्या पिशवीवर फिरवलीस तेव्हा मात्र पिशवीही गेली आणि इस्त्रीही, असं तुझी सूनबाई सांगत होती), तेव्हा सख्ख्या भावाच्या पत्राला वेगळा न्याय नको.

तब्येत कशी आहे, हे मी विचारणार नाही. काल फोनवर विचारलं तर म्हणालीस, जरा वायू धरलाय. मी पुढे डॉक्टर हा शब्द उच्चारायला तोंड उघडलं आणि तू फोन ठेवलास. मग सूनबाईने सांगितलं की परवापासून तुला अन्न जात नाही, उजव्या बाजूला हात धरून वाकून चालतेस, अंगात कणकण आहे, आणि तिने दवाखान्याचं नाव काढताच तू खोलीत जाऊन आतून कडी घातलीस. ठीक आहे. तुझं पोट, तुझी खोली, तुझी कडी. मी त्यात तोंड घालणार नाही. मी फक्त माझी हकीकत लिहितो. माझ्या ऑपरेशनचं तुला खरं कोणी सांगितलंच नाही; तू काळजी करशील म्हणून सगळ्यांनी ‘किरकोळ होतं’ म्हणून वेळ मारून नेली. ते किरकोळ नव्हतं. तू एवढंच कर, खुर्चीत टेकून बस आणि शेवटपर्यंत वाच. तुला हे सांगायला नको म्हणा. वाण्याच्या पुडीच्या कागदावरचा मजकूरही तू अर्धा सोडत नाहीस, आणि वाचायला बसलीस की संपल्याशिवाय जागची हलत नाहीस. लहानपणी मी तुझ्या हातात मासिक द्यायचो आणि मागच्या मागे खेळायला पसार व्हायचो, ते तुला आजवर कळलेलं नाही.

पहिल्यापासून सांगतो. साथ आली, दुकानांना कुलुपं लागली, तेव्हा मला वाटलं आपला धंदा बसला. बंद दुकानाला पाटी कोण रंगवून घेणार? पण झालं भलतंच. जन्मात आली नसतील एवढी कामं आली. लोकांनी कुठे उभं राहायचं त्याची वर्तुळं, कुठून आत जायचं, कुठून बाहेर यायचं, कुठे हात लावायचा नाही. चाळीस वर्षं मी लोकांना ‘आत या’ असं रंगवून सांगितलं आणि आता ‘लांब राहा’ हे रंगवायचे मला पैसे मिळायला लागले. अशात इस्पितळाचं बोलावणं आलं. त्यांना सगळ्या भिंतींवर बाण हवे होते. तापाचे पेशंट लाल बाणाने एका अंगाला, बाकीचे तातडीचे पिवळ्या बाणाने दुसऱ्या अंगाला, म्हणजे दोघांची गाठ पडायला नको. मी जुन्या एक्स-रेच्या फिल्म मागून घेतल्या आणि त्यातून बाणांची स्टेन्सिल कापली. (पुठ्ठ्यापेक्षा फिल्म चांगली, रंग पीत नाही. एक बाण कुणाच्या तरी बरगड्यांतून कापलाय, त्याच्याकडे बघून मला रोज उगाच अपराधी वाटायचं.) बाण काढून झाले की इस्पितळवाल्यांचा बेत बदलायचा. तापाचा वॉर्ड इकडचा तिकडे जायचा, मी जुने बाण पांढरे करून उलट दिशेचे काढायचो. तिसऱ्या खेपेला तर भिंतीलाच चक्कर आल्यासारखी दिसत होती.

या तिसऱ्या खेपेच्या शेवटच्या दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मोघम. मी काय म्हणालो असेन? वायू. आपल्या घराण्यात पोटाच्या कुठल्याही तक्रारीला दुसरं नावच नाही. आजोबांचा खडा निघाला, तो वायू. मी शाळेत शिसपेन्सिलीचं टोक गिळलं, तो वायू. आत्याचे दिवस भरले होते आणि कळा सुरू झाल्या, तेव्हाही आजीने तिला वायू म्हणून शेकत बसवली होती, आणि तो वायू आता बँकेत मॅनेजर आहे. तेव्हा मी परंपरेला धरून गरम पाण्याची पिशवी पोटाला बांधली आणि कामावर गेलो. (पोट शेकणं यात फार वाईट, असं नंतर डॉक्टरांनी सुनावलं. तुझ्या मांडीवर आत्ता पिशवी असेल तर ती खाली ठेव. मी आपलं सहज सांगितलं.) कोपऱ्यावरचा शेवटचा पिवळा बाण काढायला वाकलो आणि अशी कळ आली की डोळ्यांपुढे सगळेच बाण फिरले. कसाबसा रंग मारला आणि घरी आलो.

घरी तुझ्या भावजयीने मला तपासलं. ती रोज सकाळी आम्हा सर्वांना साबण हुंगायला लावते. वास आला की माणूस निरोगी, नाही आला की संशयित. मला वास आला. तिने खात्रीसाठी लसूण दिला, मग टर्पेंटाइनची बाटली दिली. सगळ्याचे वास आले, उलट जरा जास्तच आले आणि मला उलटी झाली. पण वास येतोय म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला की पुढे बोलवेना. बघ ना अक्का, एका रोगाची धास्ती एवढी, की तो झाला नाही म्हणजे दुसरं काही होऊच शकत नाही, अशी आमची दोघांची ठाम समजूत. दुखणं बेंबीपासून सरकून खाली उजवीकडे आलं, मी वाकून चालायला लागलो, अंगात कसर आली. तरी मी जाईना. इस्पितळात काय चाललंय ते मी आतून बघत होतो ना. ते पांढरे पोशाख, ती दारं. जाऊन नसता रोग घेऊन यायचा आणि कुणाला तोंडही न दाखवता मरायचं, त्यापेक्षा आपल्या अंथरुणात कण्हलेलं काय वाईट, असा माझा हिशोब. मी शूरपणाने गप्प नव्हतो, अक्का. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला वायू हा शब्द फार उपयोगी पडतो.

शेवटी तुझी भावजय रडायला लागली तेव्हा निघालो. बरोबरच्या माणसाला फाटकाच्या आत सोडत नव्हते. ती बाहेर राहिली, मी एकटा पोट धरून आत. चौकीवरचा रखवालदार म्हणाला, पिवळे बाण बघत जा काका. मी म्हटलं, मला सांगतोस? ते माझेच आहेत. आणि ऐटीत (म्हणजे वाकून) निघालो. एक बाण, दुसरा बाण, मग कोपरा. कोपऱ्यावरचा बाण डावीकडे म्हणाला, मी डावीकडे वळलो, दार ढकललं, आणि आत बघतो तर मोठमोठी यंत्रं घरघरतायत आणि चादरींचे ढीग. धुलाईखाना. मागच्या खेपेला कळ आली तेव्हा माझ्या हातून स्टेन्सिल पालथी पडली होती, आणि मी उजवीकडचा बाण डावीकडे काढून घरी गेलो होतो. म्हणजे माझ्या पोटाने माझाच रस्ता चुकवला. तिथली बाई म्हणाली, या, बसा, तुमच्यासारखे दिवसभर येतायत, ज्या मेल्याने तो बाण काढलाय त्याचा हात झडो. मी म्हटलं, बाई, बरोबर आहे तुमचं, पण हात नको, पोटाने सुरुवात झालेली आहे. तिला काही कळलं नाही. तिने मला मळक्या चादरींच्या गाडीत बसवलं आणि ढकलत ढकलत योग्य दारापाशी नेऊन ठेवलं. आपल्या घराण्यात इस्पितळात इतक्या थाटाने कोणी गेलं नसेल.

तिथे एक डॉक्टरीणबाई आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, चेहरा दिसेना, छातीवर मार्करने नाव लिहिलेलं. आणि काय अक्षर ते! वेलांटी एकीकडे, मात्रा दुसरीकडे. इकडे माझा जीव जायला आलेला आणि माझा हात मात्र ते नाव पुसून नीट लिहून द्यायला शिवशिवत होता. त्यांनी पोटावर उजवीकडे खाली हळूच दाबलं आणि एकदम हात सोडला. दाबताना दुखलं ते काहीच नाही, सोडताना मी जो ओरडलो तो फाटकाबाहेर भावजयीला ऐकू गेला म्हणे. हीच खूण असते त्याची. (तू करून बघू नकोस. बघितलंस ना? मला माहीत होतं.) डॉक्टरीणबाई गंभीर आवाजात म्हणाल्या, काका, फार उशीर केलात. साथ आल्यापासून सगळे असेच येतात, आधी दुखतंय म्हणून यायचे, आता फुटल्यावर येतात. मी गयावया केली की औषधावर भागवा, हल्ली सुईची औषधं देऊन सुरी टाळतात असं ऐकलंय. त्या म्हणाल्या, टाळतो कधी कधी, पण वेळेवर आलेल्याचं. तुमचं ते दार बंद झालं. अक्का, हे वाक्य मी इथे मुद्दाम ठळक अक्षरात काढणार होतो, पण तू म्हणशील भावाला पाटी रंगवायची खोड. तेव्हा साधंच लिहितो: वेळेवर आलेल्याचं.

तरी लगेच सुरी नाहीच. आधी नाकात काडी. तिचा निकाल येईपर्यंत मी ना इकडचा ना तिकडचा. मला एका मधल्याच खोलीत ठेवलं, जिथे ना लाल बाण ना पिवळा. (ही खोली मला रंगवताना कोणी दाखवलीच नव्हती.) तिथे आमच्या घरचा कोणी नाही, सिस्टर दारातून डोकावायची आणि सलाईन बघून जायची. पोटात निखारा ठेवल्यासारखं होत होतं, आणि मी देवाला सांगत होतो की निकाल काहीही येऊ दे, पण लवकर येऊ दे. मग डॉक्टरांची आपसात चर्चा. नेहमी म्हणे दुर्बिणीने करतात, बारीक भोकं पाडून, पण त्यासाठी पोटात हवा भरावी लागते, आणि ती बाहेर येताना बरोबर काय काय घेऊन येईल याचा साथीच्या दिवसांत भरवसा नाही, म्हणून सरळ पोट उघडायचं ठरलं. जन्मभर मी माझ्या पोटातल्या वायूला घाबरलो, शेवटी डॉक्टरही त्यालाच घाबरले. भूल देणारे डॉक्टर काचेच्या पेटीसारखं काहीतरी माझ्या तोंडावर ठेवत असताना मी त्यांना हे सांगायला गेलो, पण अर्ध्यातच झोप लागली.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. आणखी एखादा दिवस वायू वायू करत बसलो असतो तर हे पत्र तुला भावजयीने लिहिलं असतं, आणि तिला तू ओळखतेस, दोन ओळींत आटोपलं असतं.

आता एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही, भावजयीलाही नाही. शुद्धीवर आलो तेव्हा आजूबाजूला आपलं असं कोणी नव्हतं. पांढरे पोशाख यायचे, जायचे, प्रेमाने बोलायचे, पण कोण काल आलेलं आणि कोण आज, कळायचं नाही. मला रडू आलं. मोठ्याने नाही, टाक्यांना ओढ बसते. तेव्हा मला दाजींची आठवण झाली. त्यांना शेवटचं आत नेलं, दार लागलं आणि तू बाहेरच्या बाकावर राहिलीस. त्या दारापाशी तू काय भोगलंस ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि तुला कडी का घालावीशी वाटते तेही मला इतके दिवस कळलं नव्हतं. रोगाला तू भीत नाहीस. इस्त्री काय, टोपली काय, ती आपली वरवरची. तुला ते दार नको आहे. पण तुला हेही सांगतो, की पडल्या पडल्या मी मान वळवली तर वॉर्डाच्या दाराच्या काचेतून समोरची भिंत दिसत होती आणि तिच्यावर माझा एक बाण होता. जरासा तिरका, खालून रंग ओघळलेला. पुसायला हवा होता, राहून गेला होता. पण माझ्या हातचा होता. परगावात अनोळखी गल्लीत ओळखीचं कोणी भेटावं, तसं झालं. त्याच्याकडे बघत बघत मी झोपलो, आणि पुढचे दिवस निभावले.

बाकी सर्व क्षेम. भावजय आता साबणाबरोबर रोज पोटही दाबून बघते, घरात सगळे तिला टाळतात. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि दोघांनाही हातभर अंतर.

तुझा धाकटा

ता. क. माझी जुनी लोखंडी पट्टी तुझ्याकडे आहे, खिडकीची फट मोजायला घेतली होतीस ती. इस्पितळात पुन्हा काम निघालंय, तेव्हा टोपलीतून खाली सोडशील तर बरं होईल. खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं.

ता. क. दुसरा. पट्टी नको. पट्ट्या माझ्याकडे ढिगाने आहेत. अक्का, मी सकाळपासून तुमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून हे लिहितोय. डॉक्टरीणबाईंना फोन केला, सूनबाईने सांगितलं ते सगळं जसंच्या तसं त्यांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, वाट बघू नका, आणा. पण साथीमुळे इस्पितळाच्या गाड्या सगळ्या बाहेर, पहिली मोकळी होईल ती इकडे पाठवतो असं इस्पितळवाले म्हणाले. तेवढा वेळ तू गरम पाण्याची पिशवी न बांधता, कुणाशी न भांडता एका जागी बसून राहायला हवी होतीस, आणि त्याला माझ्या माहितीत एकच उपाय आहे. म्हणून पत्र लांबवलं. आत्याची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली ती त्यासाठीच. (टर्पेंटाइन मात्र खरंच हुंगायला दिलं होतं.) तू वाचत होतीस तेवढ्यात सूनबाईने तुझी बॅग भरली आहे: चष्मा, शाल, फोनची वायर, आणि वाचायला ते जाड पुस्तक. बॅग तुझ्या दाराबाहेर आहे, सूनबाई बॅगेशेजारी आहे. गाडीचा आवाज अजून आला नसेल तर पुन्हा पहिल्यापासून वाच, पण आधी कडी काढ. दार मोडायला मला सांगू नकोस, माझे टाके अजून कच्चे आहेत.

ता. क. शेवटचा. आत नातेवाइकाला सोडत नाहीत, ते अजूनही तसंच आहे. पण रंगाऱ्याला सोडतात. धुलाईखान्याच्या बाईने तक्रार केली आणि इस्पितळाने सगळे बाण दुरुस्त करायला मलाच बोलावलंय. शिडीवर चढायला मला मनाई आहे, खुर्चीवर बसून ब्रश चालवायला नाही. सर्जरीच्या वॉर्डासमोरची भिंत मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, ती आजपासून घेतो. मान वळवलीस की काचेतून मी पाठमोरा दिसेन. काम सावकाश करणार आहे, तू घरी येईपर्यंत ती भिंत संपणार नाही. आता कडी काढ.